श्रावणांत दिवसा व्यालेली घोडी

श्रावण लागला कीं पंचांग मानणाऱ्या घरांतून व्रतांची आणि नेमांची एकच गर्दी उसळते. मंगळागौर, सोमवारचे उपवास, श्रावणी, जिवतीची पूजा, यांतून ज्यांना थोडी सवड मिळेल त्यांनीं आपल्या घरांतील धर्मसिंधूची जुनी पोथी एकदां उघडून पाहावी. पंढरपूरचे काशीनाथशास्त्री उपाध्याय, म्हणजे लोकांचे बाबा पाध्ये, यांनीं इ. स. १७९० च्या सुमारास हा ग्रंथ रचिला. अशा निबंधग्रंथांतून जनावरांच्या वेण्यासंबंधीं एक लहानसा विषय आढळतो. सूर्य सिंह राशीस असतां गाय व्याली, माघांत बुधवारीं म्हैस व्याली, किंवा श्रावणांत दिवसाउजेडीं घोडी व्याली, तर तें धन्यास अनिष्ट. त्याची शांति करावी, असा त्याचा इत्यर्थ आहे.

गाईम्हशींची गोष्ट कोंकणांतल्या माणसाला नवी नाहीं. घोडीची मात्र फारशी परिचयाची नाहीं. आमची आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारें ६९० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर बसलेली. वर्षाकांठीं येथें सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. अशा चिखलांत घोड्याचे खूर कुजतात, म्हणून येथें घोडें पाळण्याची चाल कधीं रुजली नाहीं. वेंगुर्ल्याच्या बंदरांतून बेळगांवच्या पेठेकडे जाणारा माल याच घाटानें चढे. परंतु तें काम मुख्यत्वें बैलांचें. घोडें पाहावयाचें तर देशावर जावें. दसऱ्यानंतर मेंढरें घेऊन घाट उतरणाऱ्या धनगरांच्या तट्टांवर त्यांचा सारा संसार लादलेला असतो. मराठ्यांच्या इतिहासांत गाजलेल्या भीमथडीच्या तट्टांना कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, ही समाधानाची गोष्ट आहे. तापीकांठीं सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास भरणारा घोडेबाजार तर आज हौशी लोकांचें तीर्थक्षेत्रच झाला आहे. तेथून घोडी आणणारीं सुशिक्षित कुटुंबें आतां आमच्या घाटमाथ्यावरही दिसूं लागलीं आहेत. हौस येते, जनावर येतें. परंतु त्याचें ज्ञान मागाहून येतें, आणि कधीं कधीं फारच मागाहून येतें.

गेल्या श्रावणांत एके दिवशीं दुपारीं चारच्या सुमारास घाटमाथ्यावरील एका गांवाहून एका वाचकभगिनीचा आम्हांस दूरध्वनि आला. कुटुंब एकत्र, बारा माणसांचें. धाकट्या दिरांनीं हौसेनें आणलेली घोडी त्या दिवशीं सकाळीं साडेदहा वाजतां, उजेडांत, सर्वांच्या देखत व्याली होती. शिंगरूं चांगलें उभें राहिलें होतें. परंतु घरांत आनंदाऐवजीं सुतक शिरलें होतें. मामंजी चार महिने अंथरुणाला खिळलेले, आणि सासूबाईंना कोणी वडीलधाऱ्यांनीं वरील वचनाची आठवण करून दिलेली. घोडी शिंगरासकट तीन दिवसांच्या आंत परगांवीं देऊन टाकावी, असा सासूबाईंचा हट्ट. दीर रुसून बसलेले. आणि सुनेनें, आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत होतों म्हणून, शास्त्रार्थ काय तें विचारण्यासाठीं आमच्याकडे धांव घेतली होती.

आम्हीं शास्त्रार्थ सांगण्याआधीं एकच प्रश्न विचारिला, "घोडीची वार पडली काय?" पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. मग उत्तर आलें, "तें कोणी पाहिलें नाहीं."

बारा माणसांच्या घरांत धन्याच्या मरणाची चर्चा साडेपांच तास चालली होती, आणि घोडीच्या मागें लोंबणाऱ्या वारेकडे एकाचीही दृष्टि गेली नव्हती. हा दोष त्या घराचा नव्हे. गाईच्या सहवासांत वाढलेल्या प्रत्येक घरांत असेंच झालें असतें. गाय व्याली म्हणजे वार पडावयास आठ तास लागोत कीं दहा तास लागोत, कोणी काळजी करीत नाहीं. बारा तास उलटले म्हणजे मग औषधाची आठवण होते. घोडीचें गणित अगदीं निराळें आहे, आणि तें निराळें कां, हें समजून घेतलें म्हणजे तिच्या प्रसूतींतील बहुतेक सर्व संकटांचा उलगडा एकाच किल्लीनें होतो. आमचे एक जुने विद्यार्थी पशुवैद्य आहेत. त्यांच्याशीं बसून ही किल्ली आम्हीं नीट समजून घेतली. तीच येथें वाचकांच्या हातीं देतों.

गाईची वार गर्भाशयाला ठिकठिकाणीं गुंडीसारख्या गाठींनीं जोडलेली असते. या गाठी घट्ट असतात आणि हळूहळू सुटतात. घोडीची वार तशी नसते. ती मखमलीच्या अस्तराप्रमाणें गर्भाशयाच्या सगळ्या आंतल्या अंगाला सारखी चिकटलेली असते. तिचे बारीक तंतु सर्वत्र रुतलेले, पण फार खोल नसतात. म्हणून ती सुटूं लागली म्हणजे झपाट्यानें सुटते. वार सुटली कीं शिंगराचा आईकडून येणारा प्राणवायु संपला. तेव्हां निसर्गानें घोडीला प्रसूतीची घाई शिकविली आहे. पाणमोट फुटल्यापासून वीस ते तीस मिनिटांत शिंगरूं बाहेर पडावें लागतें. गाय त्याच कामास दोन तास घेईल आणि वासरूं ठणठणीत निघेल. घोडीनें एक तास घेतला तर शिंगरूं क्वचितच जिवंत हातीं लागतें.

आतां त्या श्रावणांतील दिवसाचा विचार करूं. घोडी ही शिकार होणाऱ्या जनावरांची वंशज. अडचणीच्या त्या अर्ध्या तासांत तिला पळतां येत नाहीं, म्हणून ती रात्रीच्या निवांत वेळेची वाट पाहाते. माणसें आजूबाजूला वावरत असलीं तर पहिल्या कळा आंवरून धरण्याचें सामर्थ्यही तिच्यांत कांहीं काळ असतें. शंभरांपैकीं सुमारें ऐंशी घोड्या दिवेलागणीपासून पहांटेपर्यंतच्या काळांत वितात, असा सर्वत्र अनुभव आहे. शिवाय घोडी दिवस मोठे होऊं लागले म्हणजे माजावर येते आणि सुमारें अकरा महिने गर्भ वाहाते. म्हणजे तिच्या वेण्याचा स्वाभाविक हंगाम वसंताच्या आगेंमागें पडतो. आपल्या उष्ण देशांत हा नियम थंड देशांइतका कडक नाहीं, तरी कल त्याच बाजूला. तेव्हां श्रावणांतली प्रसूति एक आडवळणाची, आणि दिवसाची प्रसूति दुसरी आडवळणाची. दोन्हीं एकत्र आलीं म्हणजे गोष्ट खरोखरीच दुर्मिळ झाली.

जुन्या लोकांनीं हें पाहिलें होतें. पागेंत वर्षानुवर्षें काढणाऱ्या माणसाखेरीज हें निरीक्षण दुसऱ्या कोणास सुचणार नाहीं. तेव्हां या वचनाला केवळ भाकड म्हणून हंसणें आम्हांस पटत नाहीं. त्याचा पूर्वार्ध पाहून सांगितलेला आहे. उत्तरार्ध, म्हणजे धन्याचें मरण, हा मात्र भयानें जोडलेला आहे. जें क्वचित् घडतें तें कशाची तरी सूचना असलें पाहिजे, असें मानवी मनाला वाटतें. आणि सूचना खरोखर असतेही. परंतु ती धन्याबद्दल नसून घोडीबद्दल असते. भर दिवसा, माणसांच्या गलबल्यांत जी घोडी वेण्यास बसली, तिचा कांहीं तरी तोल बिघडला नाहीं ना, हें पाहिलें पाहिजे. श्रावणांत पागा ओली, पेंढा कुबट, माशा घोंघावणाऱ्या. शिंगराला गारठा बाधतो आणि ओल्या नाळेंतून विष शिरतें. पोथीनें धोका ओळखला, पण पत्ता चुकीचा घातला, इतकेंच काय तें.

संस्कृताच्या अभ्यासकास आणखी एक गंमत येथें आढळेल. सुश्रुतानें मनुष्याच्या अडलेल्या गर्भाचे, म्हणजे मूढगर्भाचे, चार प्रकार सांगितले आहेत: कील, प्रतिखुर, बीजक आणि परिघ. खुंटीसारखा अडकलेला तो कील. हात, पाय आणि डोकें पुढें येऊन धड अडलेला तो प्रतिखुर. या नांवांत खूर आहे हें लक्षांत घ्यावें. एक हात आणि डोकें एवढेंच आलेलें असा तो बीजक. आणि दाराला आडवा अडसर घालावा तसा आडवा पडलेला तो परिघ. घोडीच्या प्रसूतींत हीं नांवें जशींच्या तशीं उपयोगीं पडतात. शिंगराची मान आणि पाय लांब असतात. त्यामुळें अडतें तेव्हां बहुधा मान मागें वळलेली असते किंवा गुडघा दुमडलेला असतो. नीट येणाऱ्या शिंगराचे पुढचे दोन्ही खूर, एक थोडा पुढें व एक थोडा मागें, तळवे खालीं करून येतात आणि नाक गुडघ्यांवर टेंकलेलें असतें. एकच खूर दिसला, खुरांचे तळवे वर दिसले, किंवा खूर दिसून नाक दिसत नसलें, तर तें अडलेलें समजावें. परिघ हा प्रकार घोडींत फार विरळा. हजार वेतांत एखादा. परंतु तो झाला तर घरगुती हातांनीं सुटत नाहीं.

अशा वेळीं चारचौघांनीं पाय धरून ओढणें हा सर्वांत घातक उपाय होय. वळलेली मान ओढल्यानें सरळ होत नाहीं, ती आणखी आवळते, आणि घोडीचें गर्भाशय फाटतें. पशुवैद्य येईपर्यंत घोडीला उभी करून सावकाश चालवावी. चालतांना तिचा कुंथण्याचा जोर कमी होतो आणि तेवढा वेळ हातीं लागतो.

याहून भयंकर, पण ज्याचा उपाय घरच्या माणसाच्या हातांत आहे, असें एक संकट आहे. एरवीं पाणमोट फुटल्यावर प्रथम दिसते ती पांढुरकी, निळसर झांक असलेली पातळ पिशवी. ती न दिसतां लाल, मखमली, जाड पिशवी बाहेर डोकावूं लागली, तर समजावें कीं वार वेळेआधींच सुटली आणि शिंगराच्या पुढें चालत आली. आंत शिंगराचा श्वास कोंडतो आहे. येथें पशुवैद्याची वाट पाहाण्यास सवड नाहीं. ती लाल पिशवी हातानें, न फाटल्यास सांभाळून कात्रीनें, तत्काळ फाडावी, आंतील पांढरी पिशवी उघडावी, आणि घोडीच्या कळेबरोबर शिंगरूं खालच्या अंगाला ओढून घ्यावें. सुरक्षित प्रसूतींत धीर धरावा आणि लाल पिशवींत धीर सोडावा, एवढें एक सूत्र पागेच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखें आहे.

जुळ्यांची कथा अशीच. वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या उत्पातांच्या अध्यायांत घोडी, उंटीण, म्हैस, गाय आणि हत्तीण यांना जुळें झालें तर तें मरणसूचक मानिलें आहे. आणि गर्गाचा आधार देऊन अशा जनावरांना कळपांतून काढून परमुलखांत सोडावें, असें सांगितलें आहे. इतर जनावरांविषयीं काय असेल तें असो, घोडीविषयीं निरीक्षण बिनचूक आहे. तिच्या वारेला गर्भाशयाची सगळी भिंत लागते. दोन गर्भ आले म्हणजे एका घराचे दोन वांटे होतात आणि कोणाचेंच भागत नाहीं. बहुतेक जुळीं मुदतीपूर्वीं गळून पडतात. जीं मुदत गांठतात त्यांतही दोन्ही जिवंत राहाणें हा अपवाद. म्हणून आतांचे पशुवैद्य घोडी फळल्यावर सुमारें चौदाव्या ते सोळाव्या दिवशीं ध्वनिलहरींच्या यंत्रानें गर्भाशय पाहातात आणि दोन गर्भ आढळल्यास त्यांतील एक तेव्हांच हातानें दाबून नाहींसा करितात. वराहमिहिराला जें उत्पात वाटलें तें आज पंधरा मिनिटांत टळतें. मरण होतें खरें, पण तें शिंगरांचें होतें, गांवाचें नव्हे.

आतां पुनः त्या वारेकडे वळूं. शिंगरूं पडल्यापासून तीन तासांच्या आंत घोडीची वार पडलीच पाहिजे. न पडली तर आंत कुजूं लागते, आणि गाईपेक्षां घोडीचें शरीर हें विष सोसण्यास फार नाजूक आहे. ताप येतो, गर्भाशय सडतें, आणि आश्चर्य असें कीं अनर्थ शेवटीं खुरांत प्रकट होतो. खुराच्या आंतील मांस सुजून खुराचें हाड जागचें हलतें, आणि धांवणारी घोडी जन्माची लंगडी होते. लोंबणारी वार तिच्याच पायाखालीं येऊन फाटूं नये म्हणून गांठ मारून टांचेच्या वर बांधून ठेवावी. ती कापूं नये, ओढूं नये, तिला दगड तर कधींच बांधूं नये. पडल्यावर ती टाकून न देतां ओल्या जमिनीवर पसरून पाहावी. तिचा आकार दोन पायांच्या विजारीसारखा असतो. त्या दोन टोंकांपैकीं एखादें टोंक तुटून आंत राहिलें असेल तर वितभर तुकडाही पुरेसा घातक आहे. म्हणून पशुवैद्याला दाखविण्यासाठीं वार बादलींत झांकून ठेवणें ही घाण नव्हे, ती शहाणपणाची गोष्ट आहे.

उतारवयाच्या घोडीला आणखी एक भय असतें. गर्भाशयाला रक्त पुरविणारी मोठी शीर प्रसूतीच्या ताणानें फुटते आणि रक्त आंतल्या आंत सांचतें. बाहेर थेंबही दिसत नाहीं. घोडी घामानें डबडबते, पोटशूळ उठल्यासारखी तळमळते, हिरड्या पांढऱ्या फटफटीत पडतात. अशा वेळीं तिला फिरवणें म्हणजे तिला मारणें. अंधारांत, निवांत, एकटी ठेवून ताबडतोब वैद्याला बोलवावें. अडलेल्या घोडीला चालवावी आणि या घोडीला हलवूं नये, हा भेद ध्यानांत असावा.

शेवटचें संकट सर्वांत चमत्कारिक. शिंगरूं धट्टेंकट्टें जन्मतें, उभें राहातें, आईला पितें, आणि एकदोन दिवसांत मलूल होऊन पडतें. डोळ्यांत पिवळेपणा, लघवी लालसर, श्वास धापेचा. जुनी माणसें याला दृष्ट म्हणत. वास्तविक विष आईच्या चिकांत असतें. बापाकडून आलेलें शिंगराचें रक्त आईच्या रक्ताशीं जुळणारें नसलें, आणि आधींच्या एखाद्या वेतांत आईच्या शरीराला त्याची ओळख झालेली असली, तर तिचें शरीर त्या रक्ताविरुद्ध द्रव्य तयार करितें. मनुष्याच्या स्त्रींत असें द्रव्य गर्भांतच बाळापर्यंत पोंचतें. घोडीच्या वारेंतून तें पलीकडे जात नाहीं, म्हणून पोटांत असेपर्यंत शिंगरूं सुखरूप असतें आणि पहिल्या घोटानें आजारी पडतें. घोटाळा असा कीं रोगांशीं झुंजण्याचें बळही शिंगराला याच चिकांतून मिळतें, आणि तेंही पहिल्या दिवसाच्या आंतच त्याच्या आंतड्यांत शोषलें जातें. उपाय एकच. ज्या घोडीचें पूर्वीं असें शिंगरूं गेलें असेल तिच्या नव्या शिंगराला दोन दिवस तोंडाला जाळी बांधून आईपासून थोपवावें, दुसऱ्या घोडीचा चीक पाजावा, आईचें दूध पिळून टाकावें. दोन दिवसांनीं तीच आई त्याला निर्धास्त पाजूं शकते.

गाढवापासून घोडीला झालेल्या शिंगरांत, म्हणजे खेचरांत, हें संकट अधिक आढळतें. कारण गाढवाच्या रक्तांत जें असतें तें कोणत्याच घोडीच्या रक्तांत नसतें. खेचर म्हटलें कीं संस्कृत वाचकास अश्वतरीची आठवण झाल्यावांचून राहाणार नाहीं. देवांच्या शर्यतींत अग्नि खेचरींच्या रथांतून धांवला आणि त्याच्या तेजानें त्यांचें गर्भस्थान जळालें, म्हणून त्या वीत नाहींत, अशी कथा ऐतरेय ब्राह्मणांत आहे. पुढें तर अश्वतरीला गर्भ राहिला म्हणजे तिचें मरण ओढवलें, असा दृष्टान्तच रूढ झाला. आज कारण कळलें आहे: घोड्याच्या पेशींत ६४ गुणसूत्रें, गाढवाच्या ६२, खेचराच्या ६३, विषम संख्येमुळें बीज तयार होण्यास अडचण पडते. तथापि अमेरिकेंत नेब्रास्का प्रांतांत १९८४ सालीं एक खेचरी व्याली. गुणसूत्रांची परीक्षा करून त्याची खात्री करण्यांत आली. आणि दृष्टान्ताला न जुमानतां ती मेली नाहीं; पुढें पुनः एकदां व्याली. दृष्टान्त शिकवण्यास चांगला असतो, चिकित्सेस नव्हे.

मग पूर्वजांचें सर्वच टाकावें काय? मुळींच नाहीं. कौटिल्याचा अश्वाध्यक्षाचा अध्याय पाहावा. व्यालेल्या घोडीला तीन रात्रीं एक प्रस्थ तूप पाजावें, पुढें दहा रात्रीं एक प्रस्थ सातूचें पीठ आणि स्नेहयुक्त औषध द्यावें, मग ऋतूप्रमाणें चारा. दहा दिवसांनंतर शिंगराला सहा महिनेपर्यंत थोडें तूप, थोडें पीठ आणि एक प्रस्थ दूध द्यावें, असा तेथें तपशील आहे. तुपाच्या मापाविषयीं आजचा वैद्य निराळें सांगेल. तो गव्हाच्या कोंड्याचें ओलें, कोमट खाद्य आणि मुबलक स्वच्छ पाणी पसंत करील. परंतु बाळंतिणीचा सांभाळ करावा हें तत्त्व तेंच आहे. एकाच संस्कृत भाषेनें आपल्याला दोन वारसे दिले. एक म्हणतो, हिला परमुलखांत सोड. दुसरा म्हणतो, हिला तीन रात्रीं तूप पाज. दोन्ही आपलेच. कोणता उचलावा हें ठरविण्यापुरतें स्वातंत्र्य आपल्या पिढीला खास आहे.

त्या भगिनीला आम्हीं प्रथम १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकाला बोलावण्यास सांगितलें. रात्रीं आठ वाजतां पशुवैद्य आले, औषधें देऊन वार काढली, गर्भाशय धुतलें, धनुर्वाताची सुई टोंचली. घोडीला दोन दिवस ताप होता. खुरांपर्यंत गोष्ट गेली नाहीं. शास्त्रार्थ आम्हीं दुसऱ्या दिवशीं सांगितला, आणि तो सासूबाईंशींच बोललों. त्यांची भीति खोटी नव्हती. ज्या बाईचा धनी चार महिने अंथरुणावर आहे तिला पुराणें सांगून हंसणें हा अधर्म होय. आम्ही म्हणालों, "वहिनी, मनाला लागलें आहे तर शांति जरूर करा. परंतु दान द्यावयाची वस्तु देणें शक्य नसेल तेव्हां तिचा निष्क्रय, म्हणजे मोल, द्यावा, ही सोय धर्मशास्त्रानेंच करून ठेविली आहे. आजारी बाळंतीण आणि एका दिवसाचें पोर पावसांत परगांवीं पाठवून कोणाचें कल्याण होईल? दान घेणाऱ्याच्या दारीं तीं मेलीं तर तें दान कीं संकट?" त्यांनीं थोडा विचार केला आणि विचारलें, "निष्क्रय किती?" यथाशक्ति, असें आम्हीं सांगितलें. शांति झाली, निष्क्रय दिला गेला, घोडी ठाणावर राहिली. मामंजींची प्रकृति आपल्या गतीनें, औषधपाण्यानें, हळूहळू सुधारत आहे. तिचा घोडीशीं कांहीं संबंध नाहीं, आणि हें आतां घरांतलीं सर्व माणसें मान्य करितात.

ज्यांच्या घरीं घोडी गाभण असेल त्यांनीं पुढील गोष्टी मनांत ठेवाव्यात. सडांच्या टोंकांवर मेणासारखे थेंब दिसूं लागले कीं एकदोन दिवसांत वेळ आली असें समजावें आणि रात्रींचा पहारा ठेवावा. पहारा लांबून, मंद उजेडांत, गलबला न करितां. कोरडा, ताजा पेंढा पसरावा. घड्याळ जवळ असावें, कारण घोडीच्या प्रसूतींत घड्याळाइतका मोठा वैद्य नाहीं: पाणमोट फुटल्यापासून अर्ध्या तासांत शिंगरूं; एका तासांत तें उभें; दोन तासांत तें पितें; तीन तासांत वार बाहेर. यांतील एकही वेळ चुकली तर पंचांग न पाहातां दूरध्वनि उचलावा. नाळ आपोआप तुटूं द्यावी, ओढूं नये, आणि तिच्या टोंकाला वैद्यानें सांगितलेलें जंतुनाशक लावावें. आमच्यासारख्या डोंगरावरच्या लोकांनीं तर अगोदरच चौकशी करून ठेवावी, कारण आंबोलीहून सावंतवाडी सुमारें तीस किलोमीटर, मधें घाट, आणि श्रावणांत घाटांत धुकें इतकें दाट असतें कीं गाडीचे दिवे लावूनही रस्ता दिसत नाहीं. अर्ध्या तासाच्या कामाला तेवढ्या वाटेनें येणारा माणूस पोंचणें कठीण. म्हणून घरांतील एखाद्या धीट मुलानें किंवा मुलीनें ही माहिती आधींच पाठ करून ठेविलेली बरी. मुलींचें नांव आम्ही मुद्दाम घेतों. गाईच्या वेताची उठाठेव आमच्या घरांतून पिढ्यान् पिढ्या बायकांनींच केली आहे. घोडीपुढें त्या मागें हटतील असें आम्हांस वाटत नाहीं.